‘फुल इन्शुरन्स’ म्हणजे नेमके काय? पहिल्यांदा मोटार घेणाऱ्यांसाठी विम्याची उकल

नव्या मोटारीची किल्ली हातात पडण्याआधी शोरूममध्ये ज्या कागदांवर सह्या घेतल्या जातात, त्यांत विम्याचा कागद बहुधा न वाचताच घडी करून ठेवला जातो. ‘फुल इन्शुरन्स आहे, काळजी करू नका’ असे विक्रेता सांगतो आणि आपणही मान डोलावतो. वास्तविक ‘फुल इन्शुरन्स’ किंवा ‘फर्स्ट पार्टी’ हे बोलीतले शब्द आहेत आणि पॉलिसीच्या कलमांत ते शोधूनही सापडत नाहीत. त्या एका कागदात तीन वेगवेगळी संरक्षणे एकत्र बांधलेली असतात. प्रत्येकाचा लाभार्थी निराळा, हप्ता ठरवण्याची रीत निराळी आणि कित्येकदा मुदतही निराळी असते. त्यामुळे हप्त्याच्या कोष्टकातील प्रत्येक ओळीपुढे ‘अपघात झाला तर हे पैसे कोणाच्या हाती पडतील?’ एवढा एकच प्रश्न विचारायचा. पुढील सर्व पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी : थर्ड पार्टी

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १४६ नुसार सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक मोटारीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो नसल्यास पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये आणि पुढील गुन्ह्यांना ४,००० रुपये दंड होऊ शकतो, तसेच तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. या विम्याचा एक रुपयाही तुमच्या खिशात येत नाही. तुमच्या मोटारीची धडक बसून पादचारी, दुचाकीस्वार किंवा दुसऱ्या वाहनातील कोणी जखमी झाले किंवा दगावले, तर त्यांना किंवा त्यांच्या वारसांना द्यावी लागणारी भरपाई कंपनी भरते. ती रक्कम मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवते, आणि मृत्यू किंवा दुखापतीच्या बाबतीत कंपनीच्या जबाबदारीला वरची मर्यादा नसते. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र असते. खासगी मोटारीसाठी ती साधारणपणे ७.५ लाख रुपये असून, हप्त्यात थोडी सवलत घेऊन ती ६,००० रुपयांपर्यंत खाली आणण्याचा पर्याय दिलेला असतो. तो पर्याय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानाचा दर्शनी भाग किंवा एखादी महागडी मोटार आपल्या हातून ठोकली गेली, तर वाचवलेले थोडके रुपये कोठेच पुरणार नाहीत.

या भागाचा हप्ता कंपनी ठरवत नाही. केंद्र सरकार तो अधिसूचनेद्वारे ठरवते आणि सर्व कंपन्यांना तोच लागू असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात खासगी मोटारीचा वार्षिक हप्ता १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीसाठी ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असा होता. विजेवर चालणाऱ्या मोटारींना त्यात १५ टक्के सूट दिली होती. यावर वस्तू व सेवा कर वेगळा लागतो. त्यामुळे ‘आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्तात मिळेल’ असे कोणी सांगत असेल, तर ती सूट कोठून येते हे विचारावे. बनावट पॉलिसीचे प्रकार बहुधा याच गल्लीत सापडतात. पॉलिसीवरील क्यूआर कोड स्कॅन करून पाहावा आणि परिवहनच्या संकेतस्थळावर आपल्या वाहनापुढे विम्याची तीच तारीख दिसते का, हे तपासावे.

नवख्या माणसाचा सर्वांत मोठा गोंधळ मुदतीबाबत होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. मात्र मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा त्यासोबत साधारणपणे एकाच वर्षाचा दिलेला असतो. वर्ष संपल्यावर काही जण ‘विमा तीन वर्षांचा आहे’ म्हणून स्वस्थ बसतात आणि मोटार अर्धी उघडी पडते, तर काही जण पुन्हा दोन्ही भागांचे पैसे भरून मोकळे होतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी फक्त स्वतःच्या नुकसानीची स्वतंत्र पॉलिसी घ्यायची असते, आणि ती दुसऱ्या कंपनीकडूनही घेता येते.

दुसरी पायरी : मालक आणि मोटारीतील माणसे

थर्ड पार्टी म्हणजे तिसरा पक्ष. पहिला पक्ष तुम्ही आणि दुसरा विमा कंपनी. त्यामुळे स्वतःच्याच चुकीने मोटार झाडावर आदळून तुम्हाला दुखापत झाली, तर थर्ड पार्टी विम्यातून काहीही मिळत नाही. यासाठी मालक-चालकाचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा असतो आणि त्याची रक्कम १५ लाख रुपये असते. अपघाती मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास पूर्ण रक्कम मिळते, एक हात, एक पाय किंवा एका डोळ्याची दृष्टी गेल्यास निम्मी मिळते. रुग्णालयाचे बिल या विम्यातून भरले जात नाही, त्यासाठी आरोग्य विमा लागतो.

या संरक्षणाच्या नावातच त्याची मर्यादा दडलेली आहे. ज्याच्या नावावर आरसी, म्हणजे वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र, आहे आणि ज्याच्याकडे वैध वाहन परवाना आहे, त्याच व्यक्तीला ते लागू होते. मोटार पत्नीच्या नावावर असेल आणि रोज चालवणारा पती असेल, तर पतीला या ओळीचा आधार नाही. त्याच्यासाठी आणि इतर प्रवाशांसाठी वैयक्तिक अपघात संरक्षण वेगळे मागून घ्यावे लागते. दोन-तीन वाहनांच्या मालकाला किंवा ज्याच्याकडे आधीच किमान १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे अशा माणसाला मात्र प्रत्येक पॉलिसीत हे पैसे पुन्हा भरण्याची गरज नसते. तसे लेखी कळवावे.

शेजारी आणि मागे बसलेल्या कुटुंबीयांचे काय, हा प्रश्न नाजूक आहे. निव्वळ कायद्यापुरत्या थर्ड पार्टी पॉलिसीत खासगी मोटारीतून फुकट प्रवास करणाऱ्यांची जबाबदारी कंपनी घेत नाही, थर्ड पार्टी आणि स्वतःच्या मोटारीचे नुकसान असे दोन्ही भाग असलेल्या सर्वसमावेशक पॉलिसीत ती घ्यावी लागते, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही भूमिका उचलून धरली. जुनी मोटार आहे म्हणून फक्त थर्ड पार्टीवर भागवणाऱ्या कुटुंबाने हा फरक मोटारीच्या किमतीपेक्षा अधिक गांभीर्याने घ्यावा.

तिसरी पायरी : स्वतःच्या मोटारीचे नुकसान

ज्याला लोक ‘फुल’ म्हणतात तो हा भाग आहे. अपघात, आग, चोरी, वीज कोसळणे, भूकंप, पूर, वादळ, दरड, दंगल, एवढेच नव्हे तर मोटार ट्रकवर चढवून नेताना झालेले नुकसानही यात येते. हा विमा कायद्याने सक्तीचा नाही, त्याचा हप्ता कंपनी ठरवते आणि म्हणून कंपन्यांची तुलना करायची ती याच भागाची. मात्र नुसते हप्त्याचे आकडे शेजारी ठेवले तर फसगत होते, कारण हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही खाली आणलेली असू शकते.

आयडीव्ही म्हणजे विमा कंपनीने मान्य केलेली मोटारीची किंमत. मोटार चोरीला गेली किंवा पूर्ण मोडली तर हाच आकडा हिशेबात धरला जातो. त्याच मॉडेलच्या शोरूम किमतीतून वयानुसार घसारा वजा करून तो काढतात. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घसारा धरला जातो. त्यानंतरची किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. समजा, शोरूम किंमत ८ लाख रुपये आहे आणि मोटारीला तीन वर्षे पूर्ण होऊन चौथे लागले आहे, तर आयडीव्ही ४ लाख ८० हजार येईल. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून, म्हणजे येथे ३ लाख ६० हजारांहून अधिक होत असेल, तर मोटार दुरुस्त न करता ती पूर्ण हानी मानली जाते. आरसीचा खर्च आणि रस्ता कर यांचा आयडीव्हीत समावेश नसतो. कर्जाने घेतलेल्या मोटारीबाबत तर भरपाई आधी बँकेचे देणे फेडण्यासाठी वापरली जाते आणि उरले तर मालकाला मिळते.

मोटारीच्या किमतीप्रमाणे प्रत्येक सुट्या भागालाही वेगळा घसारा असतो, आणि ‘फुल इन्शुरन्स असून पैसे का कापले?’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा येथेच असते. रबर, नायलॉन व प्लास्टिकचे भाग, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के कपात होते आणि काचेवर काहीच होत नाही. पत्र्याच्या व इतर धातूच्या भागांवर कपात वयानुसार वाढते. पहिल्या सहा महिन्यांत ती शून्य, वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के असते. रंगकामाच्या एकत्रित बिलात रंगाचा वाटा २५ टक्के धरून त्याच्या निम्मी रक्कम कापली जाते.

आकड्यांत पाहू. सव्वातीन वर्षांच्या मोटारीचा पुढचा भाग ठोकला गेला. बंपर ८,००० रुपये, बॉनेट १०,०००, पुढची काच ६,०००, मजुरी ६,००० आणि रंगकाम ८,००० असे एकूण ३८,००० रुपयांचे बिल झाले. त्यातून बंपरचे ४,०००, बॉनेटचे २,५०० आणि रंगाचे १,००० असे ७,५०० रुपये घसाऱ्यापोटी गेले. याशिवाय प्रत्येक दाव्यात मालकाने स्वतः सोसायची सक्तीची रक्कम असते. ती १,५०० सीसीपर्यंत १,००० रुपये आणि त्यापुढे २,००० रुपये आहे. ती वजा केल्यावर कंपनीकडून २९,५०० रुपये मिळतील आणि ८,५०० रुपये तुम्हाला भरावे लागतील. याच पॉलिसीसोबत शून्य घसाऱ्याचे, म्हणजे बोलीभाषेत ‘झीरो डेप’चे, पूरक संरक्षण असते तर तुमच्या वाट्याला मुख्यतः ते १,००० रुपयेच आले असते. नवीन मोटारीला, विशेषतः नव्याने हात बसवणाऱ्या चालकाने, पहिली काही वर्षे हे संरक्षण घ्यावे. वर्षातून किती दावे मान्य होतील याची अट मात्र आधी वाचून ठेवावी.

हप्ता कमी करण्यासाठी सक्तीच्या रकमेवर आणखी काही रक्कम स्वतः सोसण्याचे मान्य करता येते. ज्याच्या बचत खात्यात तेवढे पैसे बाजूला आहेत, त्यानेच या वाटेला जावे.

चौथी पायरी : पाणी आणि इंजिन

महाराष्ट्रातील वाचकाने या एका मुद्द्यावर थोडे थांबावे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले. असंख्य मोटारी त्या पाण्यात उभ्या होत्या. पूर हा मूळ पॉलिसीत समाविष्ट असलेला धोका आहे. त्यामुळे भिजलेली आसने, बिघडलेली वायरिंग, आतील साफसफाई यांचा दावा नियमाप्रमाणे होतो. इंजिनाची गोष्ट वेगळी आहे. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही. अशा अवस्थेत किल्ली फिरवली की पिस्टन पाण्यावर आदळतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन निकामी होते. कंपनीच्या दृष्टीने हे नुकसान पुराने नव्हे, तर पूर आल्यावर मोटार सुरू केल्याने झालेले असते. त्याला परिणामजन्य नुकसान म्हणतात आणि मूळ पॉलिसीत ते वगळलेले असते.

यावर उपाय म्हणजे इंजिन संरक्षणाचे पूरक कलम. ज्यांची मोटार तळघरातील किंवा सखल भागातील पार्किंगमध्ये उभी राहते, ज्यांचा रोजचा रस्ता दरवर्षी तुंबतो, त्यांनी झीरो डेपच्या आधी याचा विचार करावा. उंचावरच्या वाडीत राहणाऱ्याला त्याची तितकी निकड नाही. कलम असो वा नसो, पाण्यात बुडालेली मोटार सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा. पाणी कोठवर आले होते ते दिसेल अशी छायाचित्रे काढावीत, शक्य असल्यास बॅटरीची जोडणी काढावी, कंपनीला कळवावे आणि मोटार ओढूनच गॅरेजला न्यावी.

बाकीच्या पूरक संरक्षणांपैकी ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ चोरी किंवा पूर्ण हानीच्या वेळी आयडीव्ही आणि खरेदी बिल यांतील फरक भरून काढते, म्हणून ते नव्या मोटारीलाच उपयोगी. ऑइल, नट-बोल्ट, कूलंट अशा खर्ची पडणाऱ्या वस्तूंचे संरक्षण स्वस्त असते. किल्ली हरवणे, टायर फुटणे, रस्त्यात मदत मिळणे ही कलमे ज्याने त्याने आपल्या गरजेनुसार पाहावीत. रस्त्यातील मदत अनेकदा मोटार कंपनीकडून आधीच मिळालेली असते.

पाचवी पायरी : काय मिळणार नाही, ते वाचा

वैध परवाना नसताना किंवा मद्य पिऊन मोटार चालवली तर स्वतःच्या मोटारीची भरपाई मिळत नाही. परवान्याअभावी झालेल्या अपघातात बळी पडलेल्याला न्यायालय कंपनीकडून भरपाई देववते खरे, पण ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याचा अधिकारही कंपनीला देते. झीज, यांत्रिक बिघाड आणि विजेच्या यंत्रणेतील बिघाड हे विम्याचे विषयच नाहीत. पांढऱ्या पाटीची खासगी मोटार भाड्याने देणे हाही पॉलिसीचा भंग आहे. गोव्यात पर्यटकांना ‘ओळखीतून’ अशा मोटारी दिल्या जातात, त्या देणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही हे ध्यानात घ्यावे. बाहेरून सीएनजी किट बसवले असेल तर त्याची नोंद आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे करून घ्यावी.

सहावी पायरी : नो क्लेम बोनस आणि छोटे दावे

वर्षभर दावा केला नाही तर नूतनीकरणाच्या वेळी स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. सलग वर्षांनंतर ती २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांपर्यंत जाते. थर्ड पार्टीच्या हप्त्याशी तिचा संबंध नाही. एक दावा केला की ती शून्यावर येते आणि चढण पुन्हा पायथ्यापासून सुरू होते. समजा, सुटीपूर्वीचा हप्ता ८,००० रुपये असून तुम्ही ५० टक्क्यांवर पोहोचला आहात. दावा केल्यावर पुढील पाच नूतनीकरणांत तुम्हाला अनुक्रमे ०, २०, २५, ३५ आणि ४५ टक्के सूट मिळेल. म्हणजे दरवर्षी ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के गमावले. हप्ता तेवढाच राहील असे धरले, तर एकूण १०,००० रुपयांचा तोटा होतो. दाराला पडलेल्या चार हजारांच्या खरचट्यासाठी दावा करणे म्हणूनच आतबट्ट्याचे ठरते. गॅरेजवाला दाव्याचा आग्रह धरेल, पण हा हिशेब त्याने नव्हे, आपण करायचा असतो.

पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही तर हा बोनस जातो. कंपनी बदलताना मागील वर्षी दावा केला होता की नाही, हे खरे सांगावे. खोटा बोनस घेतल्याचे दाव्याच्या वेळी उघड होते आणि तेव्हा सर्वच अडकते.

सातवी पायरी : अपघात झाल्यावर

जखमींना मदत, मग पोलिसांना खबर, मग कंपनीला फोन. कोणी जखमी झाले असेल, मोटार चोरीला गेली असेल किंवा तिसऱ्याचे नुकसान झाले असेल, तर पोलिसांतील नोंद टाळता येत नाही. जागेवर तडजोड करून चिठ्ठीवर जबाबदारी लिहून देऊ नये, कारण कंपनीच्या संमतीशिवाय दिलेली कबुली तिच्यावर बंधनकारक नसते. नुकसान पाहायला कंपनीचा सर्वेअर येईपर्यंत गॅरेजला भाग उघडू किंवा बदलू देऊ नयेत. कॅशलेस सोय फक्त कंपनीशी करार असलेल्या गॅरेजमध्ये मिळते आणि तेथेही घसारा व सोसायची रक्कम तुम्हालाच भरावी लागते. मोटार चोरीला गेल्यास दोन्ही किल्ल्या मागितल्या जातात, तेव्हा दुसरी किल्ली कोठे आहे हे आजच पाहून ठेवावे.

दावा नाकारला गेला तर कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागावे आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तेथे शुल्क लागत नाही आणि वकिलाचीही गरज पडत नाही.

आठवी पायरी : मोटार विकताना किंवा जुनी घेताना

मालकी बदलली की थर्ड पार्टीचे संरक्षण कायद्याने नव्या मालकाकडे जाते, पण स्वतःच्या नुकसानीचे जात नाही. जुनी मोटार घेणाऱ्याने हस्तांतरणापासून १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीकडे अर्ज करावा. तसे न केल्यास आरसी एकाच्या नावावर आणि पॉलिसी दुसऱ्याच्या नावावर अशा अवस्थेत झालेल्या नुकसानीचा दावा कोणालाच मिळत नाही. विकणाऱ्यासाठीही एक काम उरते. नो क्लेम बोनस मोटारीचा नसून माणसाचा असतो, त्यामुळे तो खरेदीदाराला देता येत नाही. आपल्या कंपनीकडून त्याचे पत्र घेऊन ठेवले, तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या पुढच्या मोटारीच्या पहिल्याच पॉलिसीत ती सूट लावून घेता येते.